वाद्य घ्यावं कसं, जपावं कसं: जंगलावरचा भार कमी करू पाहणाऱ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी

मिरजेत घडणाऱ्या तंबोऱ्याचा भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतांतून येतो. लाकूड येतं कर्नाटकातल्या जंगलांकडून. पॉलिशची लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांची असते आणि तारा तेवढ्या कारखान्यातल्या. तबल्याला खोड लागतं आणि बकरीचं कातडं लागतं. पेटीला सागवान आणि पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पट्ट्या, लागतात. आपण सूर लावून बसतो तेव्हा शेत, जंगल आणि जनावर या तिन्हींचं देणं आपल्या अंगावर असतं. ते फेडायचं असेल तर माझ्या मते वाट एकच आहे: नवं कमी घ्यायचं, आहे ते वाद्य दोन-तीन पिढ्या वाजतं ठेवायचं आणि ते दुरुस्त करणाऱ्या हातांना पुरेसे पैसे द्यायचे. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते क्रमाने सांगतो. तंबोऱ्यावर जास्त बोलणार आहे, कारण तिथे सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे. सतारीला त्यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी घरं धुंडाळा

महाराष्ट्रात अशी असंख्य घरं आहेत जिथे आजीचा तंबोरा माळ्यावर गवसणीत गुंडाळून ठेवलेला आहे. मुलं शिकायला लागली, दोन परीक्षा दिल्या आणि थांबली, अशा घरांत तबल्याची जोडी कोपऱ्यात असते. नवीन वाद्याची ऑर्डर देण्याआधी आपल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा, गायन क्लासच्या ग्रुपवर विचारा, नात्यात विचारा. परदेशात असाल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात विचारा. इथून वाद्य विमानाने मागवण्यापेक्षा पलीकडच्या गावात पडून असलेलं वाद्य आणणं सगळ्याच दृष्टींनी बरं. जुनं लाकूड आणि जुना भोपळा पुरता वाळलेला असतो, त्यात आता नवा बदल फारसा होत नाही, आणि चांगल्या हाताने बनवलेलं वाद्य वाजत राहिलं तर आवाजाला खुलतं.

जुनं वाद्य पाहताना घाई करू नका. उजेडात न्या आणि खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून दांडीवरून घोडीकडे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीकडे, नजर टाका. दांडी पुढे झुकली असेल किंवा पिळली असेल तर दुरुस्ती मोठी आहे. मग भोपळ्यावर बोटांनी सर्व बाजूंनी हलक्या टिचक्या मारा. आवाज सगळीकडे साधारण सारखा यायला हवा. एखाद्या जागी तो बद्द किंवा फुटका वाटला तर तिथे चीर आहे, किंवा आतलं लिंपण सुटलं आहे. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर कीड लागली आहे. कीड चालू असेल तर ते वाद्य घरातल्या दुसऱ्या वाद्यांजवळ आणू नका, आधी कारागिराला दाखवा.

त्यानंतर भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गळा पाहा. तारांचा सगळा ताण इथेच येतो. सांध्याला केसाएवढी फट असेल तर घाबरायचं कारण नाही, तो पुन्हा चिकटवता येतो. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणी, घोडीच्या खाली खचली असेल तर मात्र किंमत ठरवण्याआधी दुरुस्तीचा अंदाज घ्या. खुंट्या घसरत असतील तर खडूची पूड लावून बऱ्याचदा काम भागतं. जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारी घोडीच्या माथ्याची घासणी, बिघडलेली असणं हा दोष धरूच नका. ती घासून पुन्हा काढता येते, किंबहुना दर काही काळाने काढावीच लागते. पुष्कळ लोक जवारी गेलेला तंबोरा "आता वाजत नाही" म्हणून मोडीत काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. तासा-दोन तासांच्या कामाने तो पुन्हा बोलू लागतो.

दुसरी पायरी: नवंच बनवायचं असेल तर काय विचारायचं

जुनं मिळालं नाही, किंवा आपल्या पट्टीचं मिळालं नाही, असं होतं. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्याचा तंबोरा काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना उपयोगी पडत नाही. मग बनवून घ्या, पण शक्यतो कारागिराला भेटून. तयार माल घेताना जे विचारता येत नाही ते इथे विचारता येतं.

सुरुवात भोपळ्यापासून करा. हा कडू भोपळा असतो, खायच्या दुधी भोपळ्याचाच कडू भाऊबंद. वेलावर पूर्ण पिकू देतात, मग कित्येक महिने वाळवतात. जाड सालीचं मोठं, गोल फळ मिळवायला शेतकऱ्याला वेलाकडे सतत बघावं लागतं. फळ जमिनीवर कसं टेकलं आहे यावर त्याचा आकार ठरतो. अवकाळी पाऊस किंवा भीमेचा पूर आला की तयार फळं सडतात. ज्या जमिनीवर पाणी आलं आहे तिथे शेतकऱ्याला ऊस परवडतो, भोपळा नाही. म्हणून मोठा, निर्दोष भोपळा महाग असतो आणि तो महाग असणं रास्त आहे. तुमचा आग्रह जितका "एकसंध, डाग नसलेला, सर्वांत मोठा" असा असेल तितकी बाकीची फळं वाया जातात. मिरजेचे कारागीर कापलेला भोपळा पाण्यात भिजवून, आतून काठ्यांचा आधार देऊन त्याला आकार देतात. डाग आणि लहानसहान खोड नंतर पॉलिशखाली जाते. आवाज चांगला असेल तर डागाचा भोपळा घ्या. तसं कारागिराला आपणहून सांगा, कारण गिऱ्हाईक नाक मुरडेल या भीतीने तो असा भोपळा पुढे करतच नाही.

भोपळ्याच्या बाबतीत निसर्गाचं गणित सोपं आहे: वेल दर वर्षी येतो. लाकडाचं तसं नाही. तंबोरा-सतारीला मुख्यतः तुणाचं लाकूड वापरतात. हे आपल्याकडचंच झाड आहे आणि तसं लवकर वाढतं, तरी वाद्याजोगं खोड व्हायला दशकं जातात. लाकूड कुठून आलं, वखारीची पावती आहे का, किती वर्षं वाळलेलं आहे, हे विचारा. नीट न वाळलेल्या लाकडाचं वाद्य दोन उन्हाळ्यांत वाकतं आणि मग त्या झाडाचं जाणं वायाच गेलं म्हणायचं. पेटी करून घेत असाल तर पाडलेल्या वाड्यांचं सागवान मिळतं का, हे अवश्य पाहा. तुळया-दारांचं ते लाकूड कित्येक दशकांचं मुरलेलं असतं. बनवणाऱ्याला त्यातले खिळे काढायचा जादा त्रास होतो, त्याचे पैसे वेगळे द्या.

आता घोडीचा मुद्दा. जुन्या काळी जवारीसाठी सांबराचं शिंग वापरायचे. आजही कोणीतरी "शिंगाची जवारी म्हणजे काय सांगू" म्हणून जादा पैशांत ती देऊ करतं. घेऊ नका. सांबर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे, आणि त्याच्या शिंगाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. "हे जंगलात गळून पडलेलं होतं" या सांगण्याने तो व्यवहार कायदेशीर होत नाही. मागणी आहे म्हटलं की गळून पडायची वाट कोणी पाहत नाही. उंटाचं हाड, शिसवी लाकूड, आबनूस किंवा फायबर हे पर्याय आहेत. तंबोऱ्याला चांगल्या हाताने काढलेली शिसवी जवारी पुरेशी गोड लागते. हाडाला किंवा फायबरला धार थोडी जास्त असते, ती सतारीला शोभते. आवाजाचा खरा निकाल जवारीच्या घासणीवर लागतो, पदार्थावर त्यापेक्षा कमी.

हस्तिदंताची नक्षी तर विचारूच नका. हल्ली तिच्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या बसवतात. माझा सल्ला असा की नक्षी शक्य तितकी कमी करून घ्या आणि हवीच असेल तर लाकडातच कोरून घ्या. ती आवाजात काही भर घालत नाही, आणि वाचलेल्या पैशांत चांगला भोपळा येतो.

सर्वांत शेवटी एक प्रश्न विचारा, जो बहुतेक गिऱ्हाइकं विचारत नाहीत: हे उघडता येईल का? जुन्या पद्धतीत सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, वापरतात. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून पन्नास वर्षांनीही कारागीर तबली न मोडता काढू शकतो, आतून लिंपू शकतो आणि पुन्हा बसवू शकतो. इपॉक्सीसारख्या डिंकाने पक्कं केलेलं वाद्य दुरुस्त करायचं तर कापावं लागतं. पॉलिशचंही तेच. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, त्यामुळे ओरखडा गेलेली तेवढीच जागा पुन्हा करता येते. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या रासायनिक पॉलिशचा चकचकीत थर टिकाऊ दिसतो, पण एकदा उडाला की पूर्ण खरवडून काढावा लागतो, आणि तो लावताना कारागिराच्या फुफ्फुसात जातो ते वेगळंच. म्हणून सरस आणि लाख असं स्पष्ट सांगा. काम पूर्ण व्हायला जास्त दिवस लागतील, ते लागू द्या.

तिसरी पायरी: घरात जपणं

आपल्या हवेत वाद्याचे दोन शत्रू आहेत: कोकणातला पावसाळा आणि देशावरचा एप्रिल-मे. हवेतली आर्द्रता पंचेचाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर लाकूड स्वस्थ राहतं. ती मोजायचं लहानसं यंत्र स्वस्त मिळतं, एक घेऊन वाद्याशेजारी ठेवा. पावसाळ्यात वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कारण भिंत ओल धरते. गवसणी आठवड्यातून एकदा काढून वाद्याला हवा द्या. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नका, आत बुरशी धरते. सुती, जाड, अस्तर लावलेली गवसणी उत्तम. जुन्या गोधडीची शिवून घेतली तर आणखी चांगलं, आणि माझ्या पाहण्यात नायलॉनच्या बॅगांपेक्षा ती जास्त टिकते.

उन्हाळ्यात एसीच्या झोतात किंवा खिडकीच्या उन्हात वाद्य ठेवलं की सांधे उघडतात. प्रवासाला निघताना तारा दोन-तीन सुरांनी उतरवा, पूर्ण सैल करू नका. महिनाभर वाजवणार नसाल तरी तसंच करा. रियाजानंतर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसल्या की घामाने गंजत नाहीत. तार बदलली तर जुनी कचऱ्यात टाकू नका. पितळेची आणि पोलादाची तार वेगळी करून भंगारवाल्याला द्या. क्लासमध्ये एक डबा ठेवला तर वर्षभरात बऱ्यापैकी धातू जमा होतो.

चौथी पायरी: कातड्याची वाद्यं

तबल्याचं खोड, म्हणजे लाकडी अंग, आणि पुडी, म्हणजे वर मढवलेलं कातडं, यांचं आयुष्य सारखं नसतं. पुडी बदलत राहायची, खोड पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं. त्यामुळे खोड घेताना जड, नीट वाळलेलं, तळाला तडा नसलेलं घ्या आणि त्यावर पैसे घाला. पुडी फाटण्याची सामान्य कारणं ओल आणि हातोडीचे वेडेवाकडे घाव ही आहेत. सूर लावताना आधी गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) हलवा, गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) घाव नंतर आणि थोडे. शाईवर, म्हणजे पुडीच्या काळ्या गोलावर, घामट हात ठेवून बसू नका. पखवाजाला कणीक लावल्यावर वादन संपताच ती खरवडून काढा, नाहीतर झुरळं आणि उंदीर कातडं कुरतडतात.

कातडं नकोच असं वाटणाऱ्यांसाठी कृत्रिम पुड्या निघाल्या आहेत. शाळेत, पावसात, नवशिक्यांच्या हातात त्या ठीक. पण त्या प्लास्टिक आहेत, फाटल्यावर शेकडो वर्षं राहणार. बकरीचं कातडं मटणाच्या धंद्यातून उरलेलं असतं आणि शेवटी मातीत जातं. मी कातड्याच्या बाजूने आहे, तुमचं मन वेगळं सांगत असेल तर त्याचाही मान आहे. गणपतीच्या ढोल पथकांनी मात्र इकडे लक्ष द्यायलाच हवं. ढोलांना आता सर्रास प्लास्टिकची पानं लावतात. फाटलेली पानं मिरवणुकीनंतर रस्त्यावर किंवा नदीपात्रातल्या सरावाच्या जागी पडून राहतात. पथकप्रमुखांनी एक नियम करावा: नवं पान हवं असेल तर फाटलेलं जमा करा. जमलेली पानं एकत्र पुनर्वापराला देता येतात.

या बाबतीत गोव्याकडे पाहण्यासारखं आहे. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मडकं, ज्याच्या मोठ्या तोंडावर परंपरेने घोरपडीचं कातडं चढवत. गोव्यात आणि दक्षिण कोकणात त्यावाचून आरती रंगत नाही. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला सर्वांत कडक संरक्षण आहे. त्यामुळे घुमटाला बकरीचं कातडं लावण्याची पद्धत रुळली, आणि गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. घोरपडीशिवाय नाद येत नाही असं म्हणणारे जाणते आहेत, आणि नादात फरक पडतो हे मीही मानतो. पण प्राणी संपला की घुमटाचा तो नाद तसाही जाणारच होता. बकरीच्या कातड्यावर चांगला हात बसवलेली पोरं आज गावोगाव आरत्या वाजवत आहेत. घुमट विकत घेताना कातडं कशाचं हे विचारा, आणि कोणी "खास" म्हणून घोरपडीचं देऊ केलं तर तिथून निघा. दक्षिणेकडच्या खंजिरीलाही हाच प्रश्न लागू आहे.

पाचवी पायरी: विजेवरचा तंबोरा

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने रियाज घरोघर सोपा केला, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त हे लक्षात घ्या की फोनमध्ये ॲप आणि एक बरा स्पीकर असेल तर वेगळा डबा घ्यायची गरज उरत नाही. डबा आधीच घरात असेल तर तो बंद पडल्यावर फेकू नका. बहुतेक वेळा बटण, अडॅप्टर किंवा स्पीकर एवढंच गेलेलं असतं आणि रेडिओ दुरुस्त करणारा माणूस ते बदलू शकतो. सेलऐवजी अडॅप्टरवर चालवा. अगदीच कामातून गेला तर अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. साध्या भंगारात गेलेले सर्किट बोर्ड पुढे कुठेतरी उघड्यावर जाळले जातात.

सहावी पायरी: वाद्य परदेशी नेताना

शिसवी आणि शिसम ही झाडं ज्या वंशातली आहेत त्या वंशातल्या जवळजवळ सगळ्या प्रजातींना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराने जानेवारी २०१७ पासून आपल्या दुसऱ्या परिशिष्टात घेतलं. त्यामुळे वाद्य बनवणारे आणि नेणारे दोघेही अडचणीत आले. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत तयार वाद्यं, त्यांचे भाग आणि साहित्य यांना सूट मिळाली. म्हणजे शिसमाचा तबला घेऊन जायला आता या करारानुसार अडचण नाही. न घडवलेले लाकडी ठोकळे नेणार असाल तर ती सूट लागू होत नाही. हस्तिदंत किंवा शिंग जडवलेलं पणजोबांचं वाद्य मात्र सरळ विमानात घेऊन चढू नका. वारंवार सीमा ओलांडणाऱ्या वाद्यांसाठी या करारात २०१३ पासून वेगळ्या प्रमाणपत्राची सोय आहे. त्याची चौकशी आधी करा, नाहीतर ते वाद्य घरीच ठेवा.

सातवी पायरी: बैठक आणि कार्यक्रम

पन्नास-साठ श्रोत्यांच्या खोलीत तंबोरे, तबला आणि पेटी यांना माइक लागत नाही. खोली निवडताना सतरंज्या आणि पडदे असलेली निवडा आणि गायकाला मधोमध नाही तर भिंतीकडे पाठ करून बसवा. श्रोत्यांना सवय व्हायला दहा मिनिटं लागतात, मग कान उघडतात. मोठा कार्यक्रम असेल तर जनरेटर टाळण्याचा प्रयत्न करा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, शिवाय त्याचा घरघराट मंद्र सप्तकावर, म्हणजे खालच्या सुरांवर, बसतो. सभागृहाची वीज वापरा. जागा बस-लोकलच्या जवळ निवडा आणि निमंत्रणातच बसचा थांबा लिहा, कारण कार्यक्रमाचा सर्वांत मोठा भार सहसा श्रोत्यांच्या गाड्यांचा असतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. या नियमामुळे रात्रभर चालणाऱ्या मैफली गेल्या आणि त्यांच्याबरोबर उत्तररात्रीचे राग व्यासपीठावरून दिसेनासे झाले, याची हळहळ मला आहे. पण नियमात बंद सभागृहाला सूट आहे. दरबारी किंवा मालकंस त्याच्या वेळेला ऐकायचा असेल तर छोटं बंदिस्त सभागृह घ्या, माइक कमीत कमी ठेवा, आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता पहाटेच्या भैरवापर्यंत बसा.

आठवी पायरी: कारागिराशी नातं

वरचं सगळं ज्याच्यावर उभं आहे तो माणूस म्हणजे दुरुस्ती करणारा. मिरजेत ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी सुरू केली. तलवारींना धार लावणाऱ्या हातांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्यं घडवली, आणि त्या घराण्यांतली मंडळी आज सतारमेकर म्हणून ओळखली जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव जपलं जाईल, पण घरातल्या पुढच्या मुलाने हातात कानस घ्यावी की शहरात नोकरी धरावी हे त्याच्या कमाईवर ठरतं. नवं वाद्य एकदाच विकलं जातं, दुरुस्ती दर वर्षी येऊ शकते. ती नियमित आली तर त्याला नव्या झाडावाचून पोट भरता येतं.

म्हणून वर्षातून एकदा वाद्य दाखवायची सवय लावा, बिघडेपर्यंत थांबू नका. ऐन पावसाळ्यात सरस आणि पॉलिश नीट सुकत नाही, आणि डिसेंबरच्या महोत्सवांच्या आधी कारागिरांना मान वर करायला वेळ नसतो. दसऱ्याच्या आगेमागे किंवा होळीनंतर जा. क्लासमधली चार-पाच वाद्यं एकत्र करून एकाच गाडीने न्या, किंवा कारागिरालाच दोन दिवस गावात बोलवा आणि त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय करा. तो जवारी काढत असताना शेजारी बसा, तार आणि घोडी यांच्या मधला दोरा कुठे सरकवला की आवाज उघडतो ते पाहून घ्या, आणि विद्यार्थ्यांनाही बसवा. मजुरीवर घासाघीस करू नका. त्याने सांगितलेले पैसे द्या, आणि काय काय केलं ते एका वहीत तारखेनिशी लिहून ती वही वाद्याच्या गवसणीच्या खिशात ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर ते वाजवणाऱ्याला पुढची दुरुस्ती कुठून सुरू करायची हे कळेल.